पितळी टोकन की सहीचा ड्राफ्ट?

या खेपेच्या पत्रांत ‘टोकन’ हा शब्द इतक्यांदा आला की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. नेहमीची अट कायम : छापील पानावर मी कोड देत नाही. एक अर्धविराम गळला की पुढचे दोन महिने त्याचीच पत्रं येत राहतात.

प्रश्न : मी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालो, सांगलीत असतो. मुलगी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करते. तिच्या फोनवरच्या बोलण्यात सारखं ‘टोकन एक्स्पायर झालं’, ‘बेअरर टोकन पाठव’ असं ऐकू येतं. आमच्या काउंटरवर पितळी टोकन असायचं. त्याचा याच्याशी काही संबंध आहे, की नुसता शब्द उचललाय?

उत्तर : काका, संबंध आहे, आणि तुमच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला तो माझ्या टीममधल्या पोरांपेक्षा लवकर कळेल.

तुमचं पितळी टोकन आठवा. चेक दिला की क्लार्क नंबर कोरलेला बिल्ला हातात ठेवायचा आणि तोच नंबर चेकच्या पाठीवर लिहायचा. बिल्ल्यावर ना नाव, ना रक्कम. सगळी माहिती आत, चेकवर आणि लेजरमध्ये. बिल्ला म्हणजे त्या माहितीकडे बोट दाखवणारा आकडा. संगणकातली जुनी पद्धत अगदी हीच. जावाची वेब सर्व्हिस टॉमकॅटवर (जावाचे वेब प्रोग्राम चालवणाऱ्या सर्व्हरवर) चालत असेल, तर टॉमकॅट लॉगिननंतर ब्राउझरला ३२ अक्षरांचा एक निरर्थक आकडा देतो. त्याला सेशन आयडी म्हणतात. तुम्ही कोण, तुम्हाला काय काय करायची परवानगी, हे सर्व्हरच्या आतल्या ‘लेजर’मध्ये. दरवेळी आकडा दाखवायचा, आतून खात्री करून घ्यायची.

तुमची मुलगी बहुतेक दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलते. तो बिल्ला नव्हे, डिमांड ड्राफ्ट. ड्राफ्टवर सगळं लिहिलेलं असायचं, खाली अधिकाऱ्याची सही. लातूरच्या शाखेत तो आला की तिथला माणूस सांगलीला फोन करत बसायचा नाही. नमुना सह्यांचं पुस्तक काढायचा, सही ताडायचा, पैसे द्यायचा. मे २०१५ मध्ये या ड्राफ्टचा एक ठरावीक मसुदा पक्का झाला, त्याचं नाव जेसन वेब टोकन, म्हणजे जेडब्ल्यूटी. (त्याचा उच्चार ‘जॉट’ करावा असं त्या मसुद्यातच सुचवलंय. पुण्यात मी तो अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.) टिंबांनी जोडलेले तीन तुकडे : पहिल्यात सहीची पद्धत, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात सही. दुसऱ्या सर्व्हरकडे नमुना सही असली की झालं, लेजर बघायची गरज नाही.

‘बेअरर’ हा शब्द तर थेट तुमचाच. बेअरर चेक. ज्याच्या हातात, त्याचे पैसे. टोकन कोणी आणलं हे सर्व्हर विचारत नाही.

आता ग्राहक ‘ड्राफ्ट हरवला’ म्हणत आला की तुम्ही काय काय करायला लावत होता ते आठवा. अर्ज, इन्डेम्निटी बाँड, समोरच्या शाखेला कळवणं. बिल्ला हरवला तर मात्र तुम्ही आपल्याच काउंटरवर ओरडून सांगितलं की भागायचं. खालच्या कऱ्हाडच्या पत्राचं मूळ या फरकातच आहे.

प्रश्न : मॅडम, मी कऱ्हाडचा, दोन वर्षांचा अनुभव. एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी स्प्रिंग बूटमध्ये, म्हणजे जावाच्या तयार सांगाड्यात, सर्व्हिस लिहितोय. साठेक एजंट आहेत, मोबाइल ॲपवरून वसुलीची नोंद करतात. सरांनी जेडब्ल्यूटी वापरायला सांगितलं, कारण ते एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतं, म्हणून त्यात एजंटचा मोबाइल नंबर, खाते क्रमांक, आधारचे शेवटचे चार आकडे घातलेत. रोज लॉगिन करायला लागतं म्हणून एजंट कुरकुर करत होते, तेव्हा मुदत तीस दिवस केली. आता सचिव विचारतात की एखादा एजंट सोडून गेला तर काय? मी ‘लॉगआऊट’चं बटण दिलंय, ते फोनमधलं टोकन पुसतं. एवढं पुरे का?

उत्तर : पुरे नाही. आणि सचिवांना माझा नमस्कार सांगा, खरा प्रश्न त्यांनी विचारलाय.

आधी सरांचा गैरसमज. सही केलेलं आणि कुलूप लावलेलं यांत फरक असतो. पोस्टकार्डावर सही केली म्हणून पोस्टमन ते वाचू शकत नाही असं थोडंच आहे? तुमच्या टोकनचा मधला तुकडा नुसता बेस-६४ मध्ये लिहिलेला आहे, ती लिपी आहे, तिजोरी नाही. जेडब्ल्यूटी बहुधा ‘ई-वाय-जे’ या तीन अक्षरांनी सुरू होतो. कारण पहिल्या तुकड्याचा मजकूर महिरपी कंस आणि अवतरणचिन्हाने सुरू होतो, आणि त्या दोन चिन्हांपुढे इंग्रजी छोटं अक्षर आलं की बेस-६४ मध्ये तेच उमटतं. लॉगफाइलमध्ये ही तीन अक्षरं दिसली की मी थबकते. खाते क्रमांक, मोबाइल, आधार आजच काढा. एजंटचा आतला आयडी, त्याची भूमिका, टोकन कधी दिलं, कधी संपतं, आणि टोकनचा स्वतःचा क्रमांक, याच्यापलीकडे काही लागत नाही.

आता तीस दिवस. इथे माझीच एक गोष्ट सांगते, अभिमानाची नाही.

२०१७ मध्ये आम्ही चौघं जण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाचं काम करत होतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवर लिटर, फॅट आणि एसएनएफची नोंद फोनवरून, दर दहा दिवसांनी बिल. टोकनची मुदत मी ठेवली होती नव्वद दिवस. गावात नेट नाही, सचिवांना पासवर्ड लक्षात राहत नाही, वगैरे, तुमचीच कारणं. एका केंद्रात निवडणुकीनंतर सचिव बदलला. जुन्याचा फोन त्याच्या खिशात, फोनमध्ये टोकन. पासवर्ड आम्ही तत्परतेने बदलला होता. टोकनला त्याचं काय? त्यावर माझी सही होती आणि मुदत नव्वद दिवसांची होती. जुने सचिव घरी बसून आपल्या भावकीच्या गाईंचं फॅट दुरुस्त करत राहिले, ३.६ चं ४.२. नव्या सचिवाने वही आणि बिल ताडून पाहिलं तेव्हा कळलं.

मग रद्द कसं करायचं? रद्द टोकनांची यादीच आम्ही ठेवली नव्हती. माझ्याकडे उपाय एकच होता : सहीची किल्लीच, म्हणजे ज्या गुप्त आकड्याने सर्व्हर सही करतो तोच, बदलायची. ती मी रात्री बदलली आणि झोपले. पहाटे साडेपाचला संकलन सुरू होतं हे मला ठाऊक होतं, पण किल्ली बदलली की सगळ्याच केंद्रांची टोकनं एकदम बाद होणार, याचा मनात हिशेब झाला नव्हता. सकाळी केंद्राकेंद्रांवर किटल्या घेऊन माणसं रांगेत, आणि प्रत्येक फोनवर ‘पुन्हा लॉगिन करा’. पासवर्ड कुणालाच आठवेना. त्या दिवशीची सगळी नोंद वहीत झाली आणि पुढचे दोन दिवस मी ती हाताने चढवली.

म्हणून टोकनचा प्रश्न घेऊन कोणी आलं की मी आधी विचारते : हे रद्द कसं करणार? त्याचं उत्तर तयार नसेल तर लायब्ररी कुठली, सही कुठली, हे पुढे बोलायचंच नाही.

तुम्हाला दोन वाटा आहेत. पहिली, बहुतेक ठिकाणी चालते ती. टोकन दोन ठेवायची. कामाचं टोकन जेडब्ल्यूटी, मुदत पंधरा मिनिटं. दुसरं रिफ्रेश टोकन, तीस दिवसांचं, आणि ते काकांच्या पितळी बिल्ल्यासारखं निरर्थक. जावाच्या सिक्युअररँडमने काढलेले ३२ यादृच्छिक बाइट, डेटाबेसमध्ये त्याचा फक्त हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असा ठसा. पंधरा मिनिटं संपली की ॲप गुपचूप रिफ्रेश टोकन दाखवून नवं टोकन घेतं, एजंटला कळतही नाही. एजंट सोडून गेला की डेटाबेसमधली ती ओळ उडवायची. जास्तीत जास्त पंधरा मिनिटांत त्याचं दार बंद. दर वेळी रिफ्रेश टोकनही बदलायचं, आणि वापरून झालेलं जुनं टोकन पुन्हा कोणी आणलं तर चोरी समजून त्या फोनची सगळी टोकनं बाद करायची.

यातली एक खाच उदाहरणांत सहसा सापडत नाही, ती बाजारपेठेत फिरणाऱ्या तुमच्या एजंटांना नक्की बोचेल. तळघरातल्या दुकानात ॲपने रिफ्रेश मागितलं, सर्व्हरने नवं दिलं, जुनं बाद केलं, आणि उत्तर फोनपर्यंत येण्याआधी रेंज गेली. वर आल्यावर ॲप बिचारं जुनंच टोकन दाखवतं आणि सर्व्हर त्याला चोर ठरवतो. त्यामुळे नुकतंच बदललेलं टोकन त्याच फोनकडून तीस-चाळीस सेकंदांत पुन्हा आलं तर समजून घ्यायचं. ही सवलत जास्त ताणू नका. तळघरातल्या पावत्या फोनमध्ये साठवून नंतर पाठवायची सोय तुम्ही केलीच असेल. प्रत्येक पावतीला फोनवरच एक क्रमांक द्या, म्हणजे ती दोनदा आली तरी जमा एकदाच होईल.

दुसरी वाट सरांना आवडणार नाही. साठ एजंट. एक सर्व्हर, एक डेटाबेस. इथे ड्राफ्ट हवाय कशाला? ड्राफ्ट दोन गावांत बँकेच्या शाखा असतील तेव्हा. तुमची शाखा एकच, लेजर शेजारच्या टेबलावर. निरर्थक टोकन द्या, दर विनंतीला डेटाबेसमध्ये बघा, इंडेक्स असलेली एक ओळ वाचायला लागतो तो वेळ मोजण्यासारखा नसतो. रद्द करायचं तर ओळ उडवा, त्याच क्षणी बंद. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं आणि संध्याकाळी लवकर घरी गेले असते.

काहीही निवडा, एक गोष्ट तपासाच. वसुलीच्या वेब-पत्त्यात (यूआरएलमध्ये) एजंटचा क्रमांक असेल, आणि कोणी १७ चे १८ केले तर शेजाऱ्याची वसुली दिसते का? टोकन खरं आहे एवढंच बघून आत सोडणाऱ्या सर्व्हिस मी डझनावारी पाहिल्या आहेत. एजंट कोण हे टोकनवरून ठरवा, पत्त्यावरून नाही.

प्रश्न : ताई, मी नाशिकची, शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरच्या एका लेखातून जेडब्ल्यूटीचा कोड घेतला, पण ‘वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअडॅप्टर’ सापडत नाही असं येतं. जावा १७, स्प्रिंग बूट ३.

उत्तर : अगं, सापडणार नाही, तो वर्ग गेला. स्प्रिंग सिक्युरिटी ५.७ मध्ये त्याला निवृत्तीची नोटीस मिळाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.० मध्ये तो काढलाच. तुझा लेख त्याआधीचा. आता त्यातून वारसा घ्यायचा नाही, ‘सिक्युरिटीफिल्टरचेन’ देणारी एक बीन (स्प्रिंग स्वतः सांभाळतं ती वस्तू) लिहायची. ‘अँटमॅचर्स’च्या जागी ‘रिक्वेस्टमॅचर्स’ येईल. आणि इम्पोर्टमध्ये ‘जावाएक्स’ आहे तिथे सर्व्हलेटसाठी ‘जकार्ता’ घाल, नाहीतर पुढची चूक तीच येईल.

पण त्या लेखातला स्वतः टोकन उघडून तपासणारा दीडशे ओळींचा फिल्टर आहे ना, तो फेकून दे. स्प्रिंग बूटबरोबर ओऑथ-टू रिसोर्स सर्व्हरचा स्टार्टर येतो. त्याला किल्ली दिलीस की सही, मुदत, हेडर, सगळं तो बघतो. हाताने लिहिलेल्या फिल्टरमध्ये हमखास एक ‘कॅच’ रिकामा असतो आणि चुकीचं टोकन त्यातून सटकतं.

मग तुला ४०३ येईल, घाबरू नकोस. ४०१ म्हणजे ‘तू कोण ते कळलं नाही’, ४०३ म्हणजे ‘कळलं, पण तुला इथे प्रवेश नाही’. हा स्टार्टर टोकनमधल्या स्कोपला, म्हणजे परवानगीला, ‘स्कोप’ असा उपसर्ग लावतो आणि तुझं ‘हॅजरोल’ शोधतं ‘रोल’ हा उपसर्ग. दोघांची गाठच पडत नाही. कन्व्हर्टर लिहून जुळवून घे. सेशन ‘स्टेटलेस’ कर, म्हणजे सर्व्हर आपल्याकडे लेजर ठेवणार नाही. सीएसआरएफचं (परक्या साइटने तुझ्या ब्राउझरकडून चोरून विनंती पाठवून घेण्याविरुद्धचं) संरक्षण मात्र टोकन विनंतीच्या हेडरमधून येत असेल तरच बंद करायचं. कुकीत ठेवणार असशील तर ते चालूच राहू दे.

व्हायव्हात ‘टोकन ब्राउझरमध्ये कुठे ठेवलंस’ हे नक्की विचारतील. लोकलस्टोरेजमध्ये असेल तर पानावर घुसलेली कुठलीही परकी स्क्रिप्ट ते वाचू शकते. एचटीटीपी-ओन्ली कुकी स्क्रिप्टला वाचता येत नाही, पण ती ब्राउझर आपणहून पाठवतो, म्हणून सीएसआरएफ सांभाळावं लागतं. एवढं सांगितलंस तरी बस.

प्रश्न : म्हापशाहून लिहितो. आमच्या होमस्टे बुकिंगच्या सर्व्हिसचे दोन सर्व्हर आहेत, पुढे विनंत्या दोघांत वाटणारा लोड बॅलन्सर. लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित. सर्व्हरवर तेच टोकन कधी चालतं, कधी ४०१ येतो. शिवाय सर्व्हर रिस्टार्ट केला की सगळे पाहुणे लॉगआऊट. नमुन्यासाठी टोकन सोबत जोडलं आहे.

उत्तर : पहिल्यांदा ते सोबत जोडलेलं टोकन. ते चालू टोकन आहे. काल रात्री मला तुमच्या व्यवस्थापकाच्या नावाने बुकिंग रद्द करता आली असती. बेअररचा अर्थ वर काकांना सांगितलाय तो वाचा, आणि इथून पुढे नमुना पाठवायचा तर सहीचा तुकडा तोडून पाठवा.

दुखणं पत्रातच दिसतंय. लॅपटॉपवर सर्व्हर एक, तिथे दोन. कधी चालतं, कधी नाही. रिस्टार्टनंतर सगळे बाहेर. म्हणजे सहीची किल्ली सर्व्हिस सुरू होताना आपोआप तयार होते आहे. उदाहरणांत तशीच ओळ असते, वाचणाऱ्याला पटकन चालवून बघता यावं म्हणून. तुमच्या दोन्ही सर्व्हरच्या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत. पहिल्याने सही केलेलं टोकन दुसऱ्याकडे गेलं की तो म्हणतो, ही सही मी ओळखत नाही. किल्ली एकदाच तयार करा आणि दोघांना बाहेरून द्या, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून किंवा सिक्रेट्स ठेवायच्या व्यवस्थेतून. प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहून गिटवर चढवू नका. सहीची पद्धत एचएस-२५६ (सही आणि तपासणी एकाच गुप्त किल्लीने) असेल तर किमान २५६ बिट, म्हणजे ३२ बाइट, आणि ते यादृच्छिक हवेत. ‘सिक्रेट’, गावाचं नाव, हॉटेलचं नाव असली किल्ली असेल तर हातात आलेल्या एका टोकनवरून घरबसल्या अंदाज करत ती शोधता येते. सर्व्हरला पत्ताही लागत नाही.

दुसरं दुखणं तुम्ही विचारलेलं नाही, पण टोकन उघडलं तेव्हा दिसलं. मुदतीचा आकडा तेरा अंकी आहे. तिथे १९७० पासूनचे सेकंद लिहायचे असतात, आत्ताच्या काळात तो आकडा दहा अंकी येतो. जावाचं ‘करंटटाइममिलिस’ मिलिसेकंद देतं आणि तुम्ही तेच हाताने टोकनच्या मजकुरात भरलंय. लायब्ररीची मुदतीची पद्धत वापरली असती तर तिने हजाराने भागून घेतलं असतं. मला पाठवलेलं टोकन सन पन्नास हजाराच्या पुढे कधीतरी संपतं. किल्ली बदलाल तेव्हा ते बाद होईल, तर आजच बदला. आणि पर्यटकांचा हंगाम असेल तर दुपारी बदला, चेक-इनच्या वेळी नको.

प्रश्न : बंगळूरमध्ये असतो, आमच्या सर्व्हिसला जावा १७.०.१ आहे, टोकनवर ईएस-२५६ ची सही. अपडेट मागितलं की वरिष्ठ ‘चालतंय ना?’ म्हणतात. त्यांना पटेल असं एखादं कारण द्याल?

उत्तर : एकच देते. जावा १५ मध्ये एलिप्टिक कर्व्ह पद्धतीच्या सहीचा, म्हणजे ईसीडीएसएचा (तुमचं ईएस-२५६ यातलंच), तपासणीचा भाग सी-प्लसप्लसमधून जावात नव्याने लिहिला गेला. अशा सहीत दोन संख्या असतात आणि दोन्ही शून्यापेक्षा मोठ्या आहेत का, हे आधी बघायचं असतं. नव्या लिखाणात ते बघायचं राहिलं. दोन्ही शून्य असलेली सही कुठल्याही मजकुराला, कुठल्याही किल्लीला खरी ठरू लागली. नील मॅडन यांना हे सापडलं, आणि १९ एप्रिल २०२२ च्या ओरॅकलच्या अपडेटमध्ये दुरुस्ती आली. सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२०२२-२१४४९. बाधित जावा १५ ते १८. तुमच्या जावा १७ च्या मालिकेत ती १७.०.३ मध्ये दुरुस्त झाली, म्हणजे तुमची आवृत्ती बाधितच आहे.

काही जेडब्ल्यूटी लायब्ररींनी नंतर स्वतःची तपासणी घातली, पण जिथे जावा जुना तिथे लायब्ररीही जुनीच असते, असा माझा अनुभव. शून्य सही बेस-६४ मध्ये लिहिली की ओळीने शहाऐंशी ‘ए’ येतात. तुमच्या टेस्ट सर्व्हरवर, लेखी परवानगी घेऊन, वरिष्ठांच्याच नावाचं टोकन करा, सहीच्या जागी ते शहाऐंशी ‘ए’ टाका आणि त्यांच्या समोर पाठवा. २०० (म्हणजे ‘ठीक, या आत’) आलं तर त्यांना त्यांचीच पगाराची स्लिप उघडून दाखवा.